इंग्रज, फिरंगी की ब्रिटिश? एका सत्तेच्या अनेक नावांचा धागा

१.
डिसेंबर २०२३ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला संघाने एक कसोटी सामना ३४७ धावांनी जिंकला. धावफलकावर प्रतिस्पर्धी संघाचे नाव होते इंग्लंड. त्याच नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याविषयी वाचायला गेले, की तो १८१७ मध्ये ‘ब्रिटिशांनी’ घेतल्याचे कळते. वाशीचा विद्यार्थी शिकायला जातो तेव्हा त्याच्या व्हिसावर ‘युनायटेड किंग्डम’ लिहिलेले असते. ऑलिंपिकच्या संचलनात संघ येतो तो ‘ग्रेट ब्रिटन’चा. आणि घरातील वृद्ध माणसे या साऱ्याला एकच शब्द वापरतात, विलायत.

२.
ही सगळी नावे एकाच देशाची आहेत का? नाहीत. पण ती सरसकट एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाचे वाचनच चुकते. ‘शिवाजी महाराज आणि ब्रिटिश’ असा मथळा चुकीचा आहे. ‘वसईच्या मोहिमेतील फिरंगी म्हणजे इंग्रज’ हा समज तर त्याहून चुकीचा आहे. दुसरीकडे, ‘इंग्रज’ हा शब्दच अशुद्ध असून सर्वत्र ‘ब्रिटिश’ लिहावे, हा नवा आग्रहही तितकाच उथळ आहे. प्रत्येक नावाला जन्मकाळ असतो, ते देणारा कोणी असतो आणि देण्यामागे कारण असते. हे तिन्ही ठाऊक असले, तरच नाव योग्य जागी बसते.

३.
प्रथम भूगोल. अटलांटिकच्या काठावर दोन मोठी बेटे आहेत. पूर्वेकडील मोठ्या बेटाचे नाव ग्रेट ब्रिटन. त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स हे तीन देश वसले आहेत. पश्चिमेकडील बेट आयर्लंड. यातील ‘ग्रेट’ या शब्दाचा अर्थ ‘महान’ असा घेण्याची चूक मराठीत वारंवार होते. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्या धाकट्या ब्रिटनीहून वेगळे दाखवण्यासाठी बेटाला ‘मोठे ब्रिटन’ म्हटले गेले. यात गौरव नाही, आकार आहे. एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

४.
आता राज्यव्यवस्था. वेल्स सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कायद्याखाली आला. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, तरी राज्ये दोन राहिली. संसद, कायदे आणि व्यापार वेगळेच होते. १ मे १७०७ रोजी दोन्ही राज्ये विलीन होऊन ‘ग्रेट ब्रिटन’ हे राज्य झाले. १ जानेवारी १८०१ रोजी त्यात आयर्लंड आले आणि ‘ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांचे युनायटेड किंग्डम’ असे नाव पडले. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला. १९२७ मध्ये नावात बदल होऊन ‘उत्तर आयर्लंड’ आले. आजच्या व्हिसावर असते ते याच राज्याचे नाव.

५.
ही चार वर्षे मराठ्यांच्या कालपटावर ठेवून पाहावीत. १७०७ म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूचे आणि शाहू महाराजांच्या सुटकेचे वर्ष. १८०१ नंतर दुसऱ्याच वर्षअखेरीस, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज यांच्या हयातीत ‘ब्रिटिश’ नावाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. त्यांच्यासमोर होते ते इंग्रज, शब्दशः इंग्लंडचे लोक. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला गेलेले राजापूरच्या वखारीतील व्यापारी इंग्रज होते. १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला वकील हेन्री ऑक्सिंडेन हाही इंग्रजच होता.

६.
मुंबईच्या बाबतीत तर हे कागदोपत्री स्पष्ट दिसते. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली. त्याने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्या सनदेत मुंबईची धारणा कशी मानावी? तर केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या जहागिरीचा भाग असल्याप्रमाणे. कायद्याच्या दृष्टीने अरबी समुद्रातील हे बेट इंग्लंडच्या एका परगण्यातील जमिनीसारखे झाले. स्कॉटलंडचा त्यात काही हक्क नव्हता, जरी चार्ल्स तिथलाही राजा होता. इथे ‘ब्रिटिशांची मुंबई’ म्हणणे म्हणजे सनदेच्या आशयावरच काट मारणे होय.

७.
स्कॉटिश लोकांना त्या काळी इंग्लंडच्या परदेशी व्यापारात वाटा नव्हता. म्हणून १६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने स्वतःची व्यापारी कंपनी काढली. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीने तिला कसून विरोध केला. या स्कॉटिश कंपनीने पनामाच्या भूमीवर दारियन येथे वसाहत वसवण्याचा प्रयत्न केला. १७०० पर्यंत तो साफ फसला आणि देशाचे दिवाळे निघाले. पुढे १७०७ च्या विलीनीकरणात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड भरपाई देण्यात आली आणि इंग्लंडच्या व्यापाराची दारे खुली झाली. ‘इंग्रज’ आणि ‘ब्रिटिश’ या दोन शब्दांत हा सगळा व्यवहार दडलेला आहे. त्यानंतर कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात कोण आले, हे पुढे येईलच.

८.
मराठ्यांना हे बारकावे ठाऊक होते का? युरोपीय माणसे दिसायला सारखी म्हणून एका मापाने मोजली गेली असतील, असा आजच्या वाचकाचा अंदाज असतो. पुरावा उलटा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात या परदेशी व्यापाऱ्यांना एक सामान्य नाव आहे, टोपीकर. डोक्याला पगडी नाही, टोपी आहे, ते टोपीकर. पण त्या छत्राखाली नावे वेगवेगळी आहेत. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज म्हणजे इंग्लंडचे, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे.

९.
ग्रंथाचा इशाराही नेमका आहे. हे इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे, त्याच्या हुकमाने ते येतात आणि त्यांना जमिनीचा लोभ आहे. म्हणून त्यांना खाडीकिनारी, किल्ल्याजवळ जागा देऊ नये. ज्याला वखारीमागचे राज्य दिसले, त्याला नावांचा फरक का महत्त्वाचा वाटला हे उघड आहे. कोणाशी तह, कोणाशी वैर आणि कोणाला कोणाविरुद्ध उभे करायचे, हे नाव ओळखल्याशिवाय ठरत नाही. नावांचा हा काटेकोरपणा राजकारणाच्या गरजेतून आला होता.

१०.
या शब्दांची कुळेही पाहण्यासारखी आहेत. ‘इंग्रज’ हा पोर्तुगीज भाषेतील ‘इंग्लेश’चा अवतार. ‘वलंदेज’ पोर्तुगीज ‘ओलांदेश’वरून आला आणि ‘डिंगमार’च्या मुळाशी ‘दिनामार्का’ आहे. कारण सरळ आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज शंभर वर्षे आधी आले होते. नंतर आलेल्यांची ओळख त्यांच्याच तोंडून झाली. स्वतः पोर्तुगीजांना मिळालेले ‘फिरंगी’ हे नाव मात्र आणखी जुने आहे. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातील फ्रँक लोकांवरून अरबांनी ‘इफ्रंज’ शब्द घडवला. फारसीत त्याचा ‘फरंगी’ झाला आणि तोच दख्खनेत पोहोचला.

११.
म्हणजे फ्रान्सला ज्यांचे नाव मिळाले, त्या फ्रँकांचा शब्द मराठीत पोर्तुगीजांना चिकटला आणि शेवटी इंग्रजांपर्यंत गेला. विचित्र वाटते, पण भारतीय भाषांना ही वाट नवी नाही. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांचा. पुढे तो कितीतरी वेगळ्या लोकांना लावला गेला. खुद्द ब्रिटनमध्येही तेच घडले. वेल्स आणि स्कॉटिश हायलँड्समधील केल्टिक भाषांत इंग्रजांना आजही ‘सॅक्सन’वरून आलेल्या नावांनी ओळखले जाते. शेजारी आधी ज्या टोळीला भेटतो, तिचे नाव सगळ्यांना पडते. मराठीने ‘फिरंग’वरून तर सरळ परदेशी पात्याच्या तलवारीला नाव दिले, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथाने एका रोगाला.

१२.
आता या शब्दाने होणारा घोटाळा. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेतील कागदांत ‘फिरंगी’ सतत भेटतो. तो पोर्तुगीज आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती पोर्तुगीजांकडून. मुंबईचे इंग्रज त्या वेळी काठावर बसून धास्तावले होते. वसई पडल्यावर दोन महिन्यांच्या आत त्यांनी कॅप्टन इंचबर्ड याला पाठवून मराठ्यांशी तह केला. ‘फिरंगी म्हणजे इंग्रज’ असे मानून हे कागद वाचले, तर वैऱ्याचा आणि शेजाऱ्याचा चेहराच बदलतो. १८५७ च्या सुमारास मात्र ‘फिरंगी’ बहुधा इंग्रजांसाठीच येतो. शब्द तोच, सव्वाशे वर्षांत त्याचा धनी बदलला.

१३.
नवी मुंबईच्या परिसरात हा बदल नकाशावर दाखवता येतो. बेलापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मराठ्यांकडे आला, म्हणजे फिरंग्यांकडून. डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीच्या फौजेने ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि उरणचे करंजा बेट कायमचे इंग्रजांकडे राहिले. पुढची पस्तीस वर्षे उरणला इंग्रज आणि पनवेल-बेलापूरला मराठे, अशी शेजारी सत्ता होती. १८१७ मध्ये बेलापूरही गेले. एकाच खाडीकाठी ‘फिरंगी’ आणि ‘इंग्रज’ हे दोन वेगळे कालखंड आहेत.

१४.
याच पनवेलच्या बंदरात नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज उतरली. राघोबादादांना पेशवेपदी बसवण्यासाठी ती बोरघाट चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिची कोंडी झाली. त्या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी त्याच्या शौर्यासाठी ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. वडगाव मावळात त्याची समाधी दाखवली जाते. स्टुअर्ट हे आडनाव स्कॉटलंडच्या राजघराण्याचे. शत्रूच्या मर्दुमकीला ‘फाकडा’ ही पदवी देणाऱ्या मराठीने त्याचा देश मात्र ‘इंग्रज’ या शब्दात सामावून घेतला. तेव्हा तो शब्द कुळाचा राहिला नव्हता. तो सत्तेचा झाला होता.

१५.
आणि ही सत्ता चालवणारे कोण होते? पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, मराठी कागदांतील ‘अल्पिष्टन’, हा स्कॉटिश. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तो जॉन माल्कम स्कॉटिश. दक्षिण मराठा मुलखात बेळगाव आणि सोलापूर जिंकणारा टॉमस मन्रो ग्लासगोचा. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी राहून १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ बान्फचा. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मलेला; त्याच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. पेशवाईचा अस्त घडवणाऱ्या या पहिल्या फळीत इंग्लंडात जन्मलेला माणूस शोधावा लागतो.

१६.
इथे प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. तो जबाबदारीचा होतो. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. सुमारे ५५ टक्के मतदारांनी राज्यात राहण्याचा कौल दिला. अशा चर्चांत स्कॉटलंड हा इंग्लंडच्या वर्चस्वाखालील देश म्हणून रंगवला जातो. त्याच्या स्वतःच्या इतिहासात त्याला आधार असेलही. पण साताऱ्याहून, पुण्याहून किंवा बेळगावहून पाहिले, तर स्कॉटिश माणूस राज्यकर्ताच दिसतो. ‘इंग्रजांनी राज्य केले’ हे वाक्य शब्दशः घेतले, तर एल्फिन्स्टन, माल्कम आणि मन्रो यांचा देश हिशेबातून अलगद सुटतो. म्हणून ‘ब्रिटिश सत्ता’ ही संज्ञा १७०७ नंतरच्या काळासाठी अधिक न्याय्य आहे. तिच्यात सगळे भागीदार मोजले जातात.

१७.
तरीही ‘इंग्रज’ शब्दाला चूक ठरवता येत नाही, कारण ही सरमिसळ मराठ्यांनी सुरू केलेली नाही. १७०९ पासून कंपनीचे कायदेशीर नाव होते ‘पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची संयुक्त कंपनी’. १८३३ पर्यंत ते टिकले. म्हणजे वसईचा तह झाला तेव्हा लंडनमधील राज्याचे नाव ‘युनायटेड किंग्डम’ होते, पण तह करणारी कंपनी कागदावर ‘इंग्लंड’चीच होती. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनने आपल्या आरमाराला दिलेल्या विख्यात संदेशातही नाव फक्त इंग्लंडचे होते, जहाजांवर स्कॉटिश आणि आयरिश खलाशी असताना. मालक स्वतःच घराला एका खोलीचे नाव देत असेल, तर पाहुण्याला दोष कसा द्यावा?

१८.
सामान्य रयतेने तर देशाच्या नावाची वाटच पाहिली नाही. कंपनीचे ‘कुंपणी सरकार’ झाले, सोल्जरचा ‘सोजीर’ झाला, आणि अधिकारी कोणत्याही मुलखाचा असो, तो ‘साहेब’ झाला. त्यांच्या देशाला नाव मिळाले विलायत. अरबीत ‘विलाया’ म्हणजे अंमल किंवा प्रांत. मोगल काळात विलायत म्हणजे इराण-तुराणकडचा परमुलूख असे. पुढे तो शब्द युरोपकडे आणि मग इंग्लंडकडे सरकला. पण परकेपणाचा मूळ अर्थ सुटला नाही. विलायती चिंचेचे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. तिचा लंडनशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे हा शब्द परत गेला. ‘विलायती’वरून ब्रिटिश सैनिकांनी मायदेशासाठी ‘ब्लायटी’ शब्द केला आणि पहिल्या महायुद्धात तो खंदकांत रुळला.

१९.
‘इंग्रजी’ या विशेषणानेही अशीच परमुलखाची ओझी वाहिली. जानेवारी-फेब्रुवारीला मराठीत इंग्रजी महिने म्हणतात. पण ग्रेगरियन पंचांग पोर्तुगालने १५८२ मध्येच स्वीकारले होते. इंग्लंडने ते १७५२ मध्ये घेतले, तब्बल १७० वर्षांनी. परिणाम असा, की राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही सर्वपरिचित तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे, म्हणजे ऑक्सिंडेन ज्या पंचांगाने दिवस मोजत होता त्याची. त्याच दिवशी गोव्यातील पोर्तुगीज कारकून १६ जून लिहीत होता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोघांसाठी एकच होती. इंग्रज आणि फिरंगी यांतला फरक विसरला, तर दहा दिवस कुठे गेले हे कळत नाही.

२०.
मिशनऱ्यांची कथाही तशीच. जोतीराव फुले पुण्यात शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्याच्या नावाचे आहे, तो जॉन विल्सन स्कॉटिश. मुंबईच्या फोर्टमध्ये इंग्लंडच्या चर्चचे सेंट थॉमस १७१८ चे, आणि स्कॉटिश लोकांनी आपल्या पंथासाठी १८१९ मध्ये बांधलेले सेंट अँड्र्यूज वेगळे. शहर तेच, देव तोच, पण दारे दोन. अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार तर अमेरिकी होत्या. या सर्वांना ‘इंग्रज मिशनरी’ म्हटले, की त्यांचा कंपनी सरकारशी असलेला वेगवेगळा संबंध पुसला जातो आणि महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास सपाट होतो.

२१.
‘ब्रिटिश’ हा शब्द राज्यव्यवहारात ठळक झाला तो १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतर. कंपनी गेली, राणीचे राज्य आले. ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ ही कायद्याची संज्ञा होती आणि तिच्यात सगळा देश येत नव्हता. पुणे, ठाणे, कुलाबा हे जिल्हे तिच्यात होते. कोल्हापूर, सांगली, भोर, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने बाहेर होती. ठाण्याचा माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरे, कोल्हापूरचा मात्र ‘संरक्षित’. मराठीने या भेदाला स्वतःचा शब्द दिला, ‘खालसा मुलूख’ आणि ‘संस्थानी मुलूख’. राज्यकर्त्याचे नाव न घेता त्याचा अंमल कुठवर चालतो हे सांगणारा इतका नेमका शब्द आजच्या लेखनातून लोपावा, ही खंत आहे.

२२.
नावाचे शस्त्र करता येते, हेही येथील नेत्यांनी ओळखले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक राहिलेले आणि १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून संसदेत गेलेले दादाभाई नौरोजी यांनी १९०१ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात हिंदुस्थानातील कारभाराला ‘अब्रिटिश’ म्हटले. ‘ब्रिटिश’ म्हणजे जाहीरनाम्यात दिलेली वचने, आणि कारभार त्या वचनांशी प्रतारणा करणारा, असा तो युक्तिवाद होता. राज्यकर्त्यांचे अभिमानाचे नाव घेऊन त्यांच्याच कारभाराला त्या नावाच्या कसोटीवर नापास करणे, ही दादाभाईंची चाल होती. तिथे ‘इंग्रज’ शब्द घातला असता, तर धार गेली असती.

२३.
लोकमान्य टिळकांनी दुसरी वाट घेतली. एप्रिल १९१६ अखेरीस बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली. ‘होमरूल’ हे नाव आयर्लंडच्या चळवळीचे. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये आयरिश बंड पेटले होते. ज्या राज्याच्या नावात आयर्लंड सन्मानाने मिरवत होते, त्याच राज्याविरुद्ध आयर्लंड लढत होते. ‘युनायटेड’ हे विशेषण आयर्लंडमध्येच खोटे ठरत होते, आणि बेळगावच्या सभेला त्याचे मोल ठाऊक होते. सारे गोरे एकच असे मानणाऱ्याला हे उदाहरण हाताशी धरता आले नसते. अमात्यांच्या काळची टोपीकर ओळखण्याची दृष्टी दोनशे वर्षांनी पुन्हा कामी आली.

२४.
म्हणून लिहिताना काही गोष्टी पाळाव्यात. १७०७ पूर्वीच्या राज्यासाठी आणि कंपनीसाठी ‘इंग्रज’च लिहावे, तिथे ‘ब्रिटिश’ हा कालविपर्यास आहे. १७०७ नंतर राज्य, साम्राज्य, फौज यांसाठी ‘ब्रिटिश’ अधिक अचूक. जुन्या मराठी कागदांतील आणि बोलीतील ‘इंग्रज’ मात्र बदलू नये. तो त्या सत्तेचा रूढ मराठी शब्द आहे. व्यक्तीविषयी लिहिताना तिचा मुलूख सांगावा. ‘फिरंगी’ भेटला, की आधी साल पाहावे. आणि आजच्या देशाला, अधिकृत संदर्भात, युनायटेड किंग्डम म्हणावे. ‘इंग्लंड’ क्रिकेटसाठी ठीक, कारण तो संघ खरोखरच इंग्लंड-वेल्सच्या मंडळाचा आहे आणि स्कॉटलंडचा संघ वेगळा आहे.

२५.
काहींना हा काथ्याकूट वाटेल. दीडशे वर्षे राज्य करून गेलेल्यांची नावे एवढी जपून का उच्चारावीत? त्यांच्या मानासाठी नव्हे. दख्खनेत मराठे, मोगल, निजाम, सिद्दी, नायक यांना एकाच ‘नेटिव्ह’ शब्दात कोंबणारा वसाहतकार इतिहासकार आज सर्वांना खटकतो. समोरच्याला सपाट करून पाहण्याची ती सवय मराठ्यांच्या दप्तरात नव्हती. तिथे बसलेल्या कारकुनाला फिरंगी, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार वेगळे लिहिता येत होते, जरी त्यातल्या एकाचाही देश त्याने पाहिला नव्हता. आज नकाशा खिशात असताना त्याच्याहून ढोबळ लिहिणे, हा त्या दप्तराचा वारसा नव्हे. पुढच्या वेळी एखाद्या किल्ल्याच्या फलकावर ‘परकीयांनी जिंकला’ असे वाचले, तर एवढेच विचारावे: साल कोणते, आणि त्या साली तो परकीय स्वतःला काय म्हणवत होता?